काळ्या मातीवर घर बांधताना

लातूरला आमच्या मामूंच्या घरी बैठकीच्या खोलीत एक भेग आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून ती तिरकी छताकडे गेली आहे. तिच्या टोकापाशी भिंतीवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारखा लिहिलेल्या आहेत. या तारखा मुमानींच्या हातच्या. भेग जिथपर्यंत पोहोचली तिथे एक आडवी रेघ, आणि रेघेशेजारी तारीख. पहिली तारीख मे २०१६ ची आहे.

ते वर्ष लातूरकर विसरणार नाहीत. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेच ते वर्ष. बोअर आटले, विहिरी आटल्या आणि गावाबाहेरच्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडल्या. जमीन इतकी वाळली तर तिच्यावर उभी असलेली भिंत तरी कशी जागेवर राहील, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही. मग सप्टेंबरात पाऊस कोसळला, जमिनीच्या भेगा मिटल्या, भिंतीची भेगही थोडी मिटली. मामूंनी सिमेंट भरून रंग दिला. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा त्याच जागी उघडली. मागच्या खोलीचा दरवाजा तर वर्षात चार महिने चौकटीत बसतच नाही. सुतार दोनदा रंधा मारून गेला. लाकूड फुगले, असे तो म्हणाला. फुगले होते ते लाकूड नव्हे, घराखालची माती होती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मामू प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेले. भविष्य निर्वाह निधी, मुमानींच्या दोन बांगड्या आणि तीस वर्षांची काटकसर, एवढ्यात एकमजली घर उभे राहिले. पाया खोदताना मिस्त्री म्हणाला होता, "गुरुजी, तीन फूट खूप झाले. एक मजलाच तर आहे, त्याला काय माती तपासायची?"

या एका वाक्यासाठीच हा लेख लिहितो आहोत. मिस्त्री मनाने खोटा नव्हता. आपल्या भागात बहुतेक लोक असेच समजतात की माती तपासायची ती चार-पाच मजली इमारतीसाठी. साध्या घराला कसली तपासणी? काळ्या मातीत मात्र गोष्ट नेमकी उलटी आहे. जड इमारत आपल्या वजनाने फुगणाऱ्या मातीला दाबून तरी ठेवते. हलके घर, कुंपणाची भिंत, ओटा, न्हाणीघर, घरातली फरशी यांना ती सहज उचलते. चांगली फुगणारी काळी माती एका चौरस मीटरवर कित्येक टनांचा दाब वर देऊ शकते. एकमजली घराचे वजन त्यापुढे अनेकदा कमी पडते. म्हणजे ज्याचे घर लहान, त्याला धोका जास्त, आणि तपासणीही तोच टाळतो.

काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांना हे माहीत नव्हते असे नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. पिकायचे काळीत आणि राहायचे पांढरीत. जुनी गावे बहुधा उंचवट्यावर, पांढरट, न फुगणाऱ्या मातीवर किंवा मुरमाड जागेवर वसलेली आढळतात. काळ्या रानात फार तर पत्र्याचे शेड, झोपडी, विहिरीवरची खोली. राहते घर तिथे क्वचितच.

आता शहरे वाढली. नांदेड असो की लातूर, जुन्या वस्तीत जागा उरली नाही आणि परवडतही नाही. मग जिथे कालपर्यंत सोयाबीन आणि कापूस होता त्या रानात प्लॉट पडले, एक-दोन गुंठ्यांचे तुकडे झाले. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली राज्याला गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. आपल्या समाजातली असंख्य कुटुंबे याच प्लॉटांवर घर बांधत आहेत. काळीतच घर बांधायची वेळ आलेली ही आपली पहिली किंवा दुसरी पिढी. त्यामुळे आजोबांचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही, कारण आजोबांचे घर पांढरीत होते.

आणखी एक माणूस मातीची पारख करतो, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. तो म्हणजे कबर खोदणारा. माती घट्ट असेल तर तो किब्ल्याच्या बाजूला कोनाडा काढून बगली कबर करतो. भुसभुशीत असेल तर कोनाडा ढासळतो, म्हणून संदूकी कबर करतो. फावड्याच्या दोन घावांत तो हे ठरवतो. आपण तीन मुठी माती देतो आणि परत फिरतो, पण पावसाळ्यात कोणती कबर खचणार आणि कोणती नाही, हे त्याला आधीच ठाऊक असते. शेवटच्या घरासाठी माती पाहिली जाते आणि राहत्या घरासाठी पाहिली जात नाही, हे थोडे विचित्रच आहे.

ही माती फुगते कशी

दख्खनच्या पठारावर कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यांचा काळा दगड झाला, तोच बेसाल्ट. उन्हापावसाने हा दगड कुजत जाऊन आधी मुरूम झाला आणि पुढे काळी माती. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक खनिज असते. त्याची रचना वरकी पराठ्यासारखी, अतिशय पातळ पदर एकावर एक. पाणी मिळाले की ते पदरांच्या मधे शिरते आणि पदर एकमेकांपासून दूर सरतात. पाणी आटले की पुन्हा जवळ येतात. दिसायला मामुली गोष्ट, पण घराखाली अशी माती आठ-नऊ फूट असली तर दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्यात ती वरखाली होणार.

त्यातही ती सगळीकडे सारखी हलत नाही, आणि खरा त्रास तिथेच आहे. घराच्या मध्यभागी ऊन पोहोचत नाही, पाऊसही पोहोचत नाही. तिथली माती बरीचशी एकसारखी ओली राहते. बाहेरच्या भिंतींखालची माती मात्र उन्हाळ्यात वाळते आणि पावसात भिजते. त्यातच एका कोपऱ्याला न्हाणीचे पाणी मुरत असेल आणि दुसऱ्या कोपऱ्याला कडुनिंबाचे झाड ओल शोषत असेल, तर एक कोपरा वर आणि दुसरा खाली. भिंत अशा वेळी तिरकी फाटते. मामूंच्या खिडकीपासून निघालेली भेग अशीच. सरळ उभी, केसासारखी भेग बहुधा प्लास्टरची असते. खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, ऋतूप्रमाणे उघडणारी-मिटणारी भेग पायाकडे बोट दाखवते.

मात्र सगळा मराठवाडा एकाच मातीचा नाही. नांदेड शहरात गोदावरीच्या काठाने गाळाची माती आहे. देगलूर, बिलोली, किनवटकडे लाव्हाचे पठार संपते आणि ग्रॅनाइटसारखा जुना खडक वर येतो, तिथली माती तांबूस आणि रेताड. उदगीरच्या पुढे बीदरला गेलात तर किल्लाच जांभ्याच्या पठारावर आहे. बहमनी काळातल्या कारागिरांनी तिथे जांभ्यातून झिरपणारे पाणी खालच्या काळ्या दगडावर अडते हे ओळखून जमिनीखालून कारेज खोदली. म्हणून नांदेडच्या एका प्लॉटचा अनुभव लातूरला लावू नये. एवढेच काय, शेजारच्या प्लॉटलाही लावू नये.

मामेभावाचा प्लॉट

हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मामूंच्या धाकट्या मुलाने नोकरीच्या गावी, नांदेडबाहेर, दीड गुंठा घेतला. शेजारी घर बांधणे चालू होते आणि त्यांना चार फुटांवर मुरूम लागला होता. मामेभाऊ खूश. पण मामूंनी साफ सांगितले, "माती तपासल्याशिवाय कुदळ मारायची नाही. माझ्या भिंतीवर तुझ्या अम्मीने तारखा लिहिल्या, तुझ्या भिंतीवर तुझ्या बायकोने लिहायला नकोत."

पहिला गोंधळ शब्दाचाच झाला. मामेभाऊ माती घेऊन गेला आणि अहवाल आला तो नत्र, स्फुरद, पालाशचा! शेतीचे माती परीक्षण वेगळे. जमिनीची आरोग्य पत्रिका मिळते ती पिकासाठी, खताचे प्रमाण कळावे म्हणून. घरासाठी लागते ती बांधकामाची माती तपासणी. ठेकेदार तिला 'सॉइल टेस्ट' किंवा 'एसबीसी काढणे' म्हणतात, म्हणजे जमीन एका चौरस मीटरला किती भार निर्धोक पेलेल ते पाहणे. ही सोय खासगी प्रयोगशाळांत असते, तसेच शासकीय तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागांत अनेक ठिकाणी फी भरून करून मिळते. दर गावोगाव वेगळे आहेत, दोन-तीन ठिकाणी विचारावे. घराच्या एकूण खर्चापुढे मात्र ही रक्कम अगदी थोडी असते.

मे महिन्याच्या एका सकाळी तिघे मजूर आणि एक तरुण अभियंता आले. लोखंडी तिकाटणे उभे केले, त्याला कप्पी आणि दोर. आधी थोडे खोदून भोक खाली नेले. मग एक पोकळ नळी त्या भोकात उतरवून तिच्या दांड्यावर वजन आपटायला सुरुवात केली. हे वजन साडेत्रेसष्ट किलोचे असते आणि दर वेळी बरोबर पंचाहत्तर सेंटिमीटरवरून पडू द्यायचे असते. नळी पहिले पंधरा सेंटिमीटर आत जाईपर्यंतचे ठोके हिशोबात धरत नाहीत, कारण तिथली माती खोदताना हललेली असते. पुढचे तीस सेंटिमीटर जायला जितके ठोके लागतात तो आकडा लिहून घेतात. थोडे ठोके म्हणजे माती मऊ, जास्त ठोके म्हणजे घट्ट. साधारण दर दीड मीटरला हेच पुन्हा. जगभर ही चाचणी याच मापाने होते, त्यामुळे नांदेडचा आकडा आणि परदेशातला आकडा शेजारी ठेवता येतो. नळी वर काढून उघडली की आत मातीचा खरा नमुना असतो. बाजूला गल्लीतली मुले मोठ्याने ठोके मोजत होती. दोनदा त्यांची मोजणी मजुराशी जुळली नाही, आणि एकदा मुलेच बरोबर निघाली.

पहिल्याच खोलीवर ठोके चांगले भरले. मामेभाऊ म्हणाला, "साहेब, जमीन तर लोखंडासारखी आहे." अभियंता हसला. "मे महिना आहे भाऊ. ऑगस्टमध्ये या, हीच माती बुटाला चिकटून वर येईल." ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. थंड देशांतली माती वर्षभर बरीचशी एकाच ओलीची असते आणि पुस्तकांतले पुष्कळसे कोष्टक तिकडच्या मातीवर तयार झालेले. आपल्याकडे आठ महिने ऊन आणि चार महिने पाऊस. वाळलेली काळी माती दगडासारखी टणक आणि भिजलेली लोण्यासारखी मऊ. म्हणून उन्हाळ्यात मोजलेला मोठा आकडा आहे तसा मान्य करायचा नसतो. नमुना प्रयोगशाळेत भिजवून पुन्हा तपासावा लागतो. अहवालावर तारीख पाहायची ती याचसाठी. तपासणी कोणत्या महिन्यात झाली आणि पाणी किती खोलीवर लागले, हे दोन्ही त्यात लिहिलेले हवे.

आमच्या भोकात वर दोन फूट भराव निघाला, त्यात विटांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा. त्याखाली काळी माती सुरू झाली ती नऊ फुटांपर्यंत. मग चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती, आणि साडेदहा फुटांच्या सुमारास मुरूम. शेजाऱ्याला चार फुटांवर, आम्हाला साडेदहावर! मधे अंतर असेल वीस पावलांचे. पूर्वी तिथून ओढ्याची एखादी शाखा गेली असावी. अनेक प्लॉटांत तर जुनी विहीर बुजवून वर माती पसरलेली असते आणि विकणारा ते सांगत नाही. त्यासाठी आजूबाजूच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला एक कप चहा पाजून विचारावे. आधी कुठे विहीर होती, कुठे पाणी साचायचे, हे तो नक्की सांगतो. ही चौकशी कोणत्याही यंत्रापेक्षा कमी नाही.

रॉकेल आणि पाण्याची परीक्षा

प्रयोगशाळेत आम्ही एक चाचणी पाहिली, ती इतकी सोपी की मुलांना दाखवावी. वाळवून बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम मोजून घेतली आणि मापाच्या खुणा असलेल्या दोन काचेच्या नळ्यांत टाकली. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढले आणि चोवीस तास ठेवून दिले. रॉकेल मातीच्या पदरांत शिरू शकत नाही, त्यामुळे त्यातली माती होती तेवढीच राहते. पाण्यातली फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये माती दहाच्या खुणेवर होती आणि पाण्यात एकवीसवर. म्हणजे फुगवटा एकशे दहा टक्के. भारतीय मानकाप्रमाणे पन्नासच्या आत असेल तर कमी, पन्नास ते शंभर मध्यम, शंभर ते दोनशे जास्त आणि दोनशेच्या वर अतिशय जास्त. मामेभावाची माती 'जास्त'मध्ये गेली.

घरी दोन सारख्या बरण्यांत हे करून पाहता येते, म्हणजे आपली माती कोणत्या जातीची याचा अंदाज येतो. रॉकेल मुलांच्या हाती देऊ नये आणि चुलीपासून दूर ठेवावे. आणि या अंदाजावर पाया मात्र ठरवू नये.

आणखी एक हाताची परीक्षा जुने गवंडी आजही करतात. माती भिजवून मळायची आणि तळहाताने तिचा दोरा वळायचा, शेवया वळतात तसा. रेताड माती तुटून जाते. चिकण माती तीन मिलिमीटर इतक्या बारीक दोऱ्यापर्यंत वळली जाते. प्रयोगशाळेतही हाच दोरा वळतात, फक्त तो कोणत्या ओलीला तुटायला लागला ते मोजतात. अॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने ही पद्धत शंभर वर्षांपूर्वी बसवली. म्हणजे मिस्त्रीचा हात आणि प्रयोगशाळा यांच्यात वैर नाही. मिस्त्रीचा हात तीन फुटांपर्यंत पोहोचतो, एवढाच फरक.

मातीच्या या शास्त्राचे एक मूळ इस्तंबूलमध्ये आहे, हे आमच्या वाचनात आले तेव्हा नवल वाटले. कार्ल टर्झागी हा ऑस्ट्रियन अभियंता १९१६ साली उस्मानी राजधानीतल्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकवायला आला आणि युद्धानंतर तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात राहिला. साधनांसाठी पैसा नव्हता, तेव्हा टाकाऊ सामानातून उपकरणे जोडून त्याने चिकण मातीवर भार ठेवला आणि ती किती दिवसांत किती खचते हे मोजत बसला. १९२५ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला आणि आधुनिक मृदा यांत्रिकी तिथून सुरू झाली असे मानतात. बॉस्फरसच्या काठावर झालेले ते मोजमाप आज देगलूर नाक्यावरच्या इमारतीच्या कामीही येते.

किल्लारीची आठवण

माती आणि घर यांचा विषय लातूरमध्ये निघाला की किल्लारी येतेच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. मेलेल्यांत सर्व जातीधर्मांची माणसे होती, हजारोंनी होती. बहुतेक मृत्यू दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड माती अंगावर पडून झाले. ही चूक मातीच्या तपासणीची नव्हे, बांधणीची होती, एवढे स्पष्ट करायला हवे. पण त्यानंतर दोन गोष्टी घडल्या.

एक म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. लाव्हाचा काळा दगड ३३८ मीटरपर्यंत होता, त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग प्राचीन ग्रॅनाइट. आपल्या पायाखाली काय आहे, हे त्या भागात पहिल्यांदा एवढ्या खोलवर पाहिले गेले. दुसरी गोष्ट आमच्या विषयाची. बावन्न गावे नव्या जागी वसवायची ठरली. नवी जागा म्हणजे शेतजमीन, आणि शेतजमीन म्हणजे बहुधा काळी. पांढरीतली माणसे काळीत आली. मग प्रत्येक गावासाठी काळ्या मातीचा थर किती जाड आणि मुरूम किती खोल हा प्रश्न आलाच. भूकंपात टिकेल अशी भिंत बांधली, पण पाया फुगत्या मातीत राहिला, तर ती भिंत शांत दिवसांतही तडकते. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडून धक्के आले, नांदेडमध्ये लोक घराबाहेर धावले. त्या दिवशी ज्यांच्या भिंतीला आधीच तडा होता, त्यांच्या मनाची अवस्था आम्ही मुमानींच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. त्या वेळी त्या नांदेडला मुलाच्या भाड्याच्या खोलीत होत्या, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "तिकडे लातूरला घर ठीक आहे ना?"

अहवाल आल्यावर

अहवालाप्रमाणे मामेभावापुढे दोन रस्ते होते. मुरमापर्यंत, म्हणजे साडेदहा फूट खोदून कॉलमचे फुटिंग तिथे बसवायचे. किंवा तळाशी फुगवटा असलेले पाइल घ्यायचे, ज्यांना 'अंडररीम पाइल' म्हणतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच ही पद्धत पुढे आणली. यात जमिनीत गोल भोक घेऊन तळाशी खास अवजाराने ते अडीच पट रुंद करतात आणि सळई टाकून काँक्रीट भरतात. वरची माती कितीही हलली तरी खालचा गोळा धरून ठेवतो. आपल्याकडे ऋतूंचा परिणाम साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोहोचतो, म्हणून त्याहून उथळ पाइल फुगत्या मातीत घेत नाहीत. जिथे मुरूम पाच-सहा फुटांवर आहे तिथे पाइलच्या नादी लागू नये, सरळ खोदावे. इथे मुरूम खोल होता, तेव्हा पाइल स्वस्त पडत होते.

तरीही पायाचा खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला. घरात दोन रात्री चर्चा झाली. मामेभावाच्या बायकोने तोड काढली. एक खोली कमी करायची, पाया मात्र दोन मजल्यांचा घ्यायचा. आपली बहुतेक घरे अशीच टप्प्याटप्प्याने उठतात. हप्त्यांचे ओझे आणि व्याज नको म्हणून आज खाली दोन खोल्या, पाच वर्षांनी अल्लाहने दिले तर वरचा मजला. छतावर सळया वर काढून ठेवलेल्या असतात. वरचा मजला नंतर चढवता येतो, खोलीही नंतर वाढवता येते. पाया नंतर खोल करता येत नाही. त्यामुळे उद्याच्या मजल्याचा भार आजच अभियंत्याला सांगायला हवा. हे सांगायचे राहून जाते.

आणखी काही गोष्टी त्या अभियंत्याने बांधकामावर उभे राहून करून घेतल्या, त्या इथे नोंदवतो. पायाच्या खड्ड्यात तीच काळी माती परत ढकलायची नाही, मुरूम थराथराने धुम्मस करून भरायचा. घराच्या फरशीखालचीही काळी माती काढून मुरूम भरायचा, नाही तर भिंती शाबूत राहतात आणि फरशी उचलली जाते. फुगत्या मातीवर सुमारे मीटरभर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा जवळजवळ थोपवला जातो, हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कट्टी यांनी दाखवून दिले. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याच्या कामात त्याचा उपयोग झाला. नुसती वाळू भरणे मात्र धोक्याचे, तिच्यात पाणी साठते आणि काळ्या मातीला वर्षभर पाजत राहते. प्लिंथ बीमखाली थोडी पोकळी ठेवली, म्हणजे माती वर आली तरी बीमला भिडत नाही. ठेकेदार म्हणाला, "एवढे कोण करते?" मामूंनी त्याला लातूरच्या भिंतीचा फोटो दाखवला.

अहवालाबद्दल एक सावधगिरी. कधी कधी दुसऱ्याच प्लॉटचा अहवाल नाव बदलून हातात ठेवला जातो. भोक तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच प्लॉटवर घेतले पाहिजे. अहवालात थरांची नोंद, ठोक्यांचे आकडे, फुगवट्याचा आकडा, पाण्याची पातळी आणि पाया किती खोल व कोणत्या प्रकारचा घ्यावा याची स्पष्ट शिफारस असावी. फक्त एक एसबीसीचा आकडा लिहिलेले अर्धे पान म्हणजे अहवाल नव्हे.

मोहल्ल्यातली मशीद किंवा मदरसा बांधताना तर हे अधिकच पाहावे. पैसा लोकांच्या चंद्याचा असतो. एका बाजूला जड मिनार, शेजारी हलकी भिंत, आणि नेमका तिथेच वुजूखाना. पाच वेळचे वुजूचे पाणी नाली फुटून भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर दोन-तीन वर्षांत मिनार आणि भिंत यांच्यामध्ये फट दिसू लागते. आम्ही अशा दोन मशिदी पाहिल्या आहेत. दोन्ही ठिकाणी चर्चा रंगाची आणि झुंबराची चालू होती. सूरह तौबामध्ये ढासळत्या कडेवर इमारत उभारणाऱ्याचा दाखला आला आहे. त्याचा अर्थ मनाच्या नियतीविषयी आहे हे खरे, पण ज्यांनी तो दाखला पहिल्यांदा ऐकला त्यांनी ढासळती कड पाहिलेली असणार.

आणि ज्यांचे घर आधीच बांधून झाले आहे

त्यांनी घाबरून जाऊ नये. भेग सिमेंटने भरण्याआधी तिच्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा नजर ठेवावी, मुमानींसारखी तारीख लिहून. अभियंतेही हेच करतात. ते भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात, ती तुटली की भेग हलली असे समजते. भेग हलत असेल तर आधी पाणी शोधावे. छताचा पाइप भिंतीच्या बुडाशी सुटलेला असतो, न्हाणीची नाली फुटलेली असते, शोषखड्डा भिंतीला खेटून असतो, नळाची गळती कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आलेली नसते. घराभोवती चार-पाच फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा ओतला की भिंतीखालची माती एकदम भिजत नाही आणि एकदम वाळतही नाही. मोठे झाड भिंतीजवळ लावू नये. आधीपासून असेल तर ते घाईने तोडूही नये, कारण झाड गेल्यावर साठलेली ओल माती पुन्हा फुगवते. भेगेत बोट जात असेल, भिंतीचा एक भाग पुढे आलेला असेल किंवा कॉलमला तडा असेल, तर मात्र प्लास्टरवाल्याला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

मामूंनी नांदेडहून परतल्यावर तेच केले. मागच्या न्हाणीची नाली बदलली, छताचा पाइप गल्लीच्या गटारापर्यंत नेला, घराभोवती पट्टा ओतला. दरवाजा अजून ऑगस्टमध्ये थोडा घासतो. भिंतीवर मुमानींची शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. त्यांनी पेन्सिल अजून खिडकीतच ठेवली आहे.

नांदेडला मामेभावाचा जोता झाला आहे. पाइलांचा खर्च भरून निघेपर्यंत भिंती थांबल्या आहेत. मातीचा अहवाल त्याने खरेदीखताच्याच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे.